नाकारलेल्यांचा निकाल

प्रवेशाच्या वेळी हुशार ठरलेला विद्यार्थी पुढेही हुशार निघतो का, हा प्रश्न विद्यापीठांना शतकभर छळतो आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने जवानांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. त्या कामात असलेले मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी त्याच धर्तीवर कॉलेजप्रवेशाची परीक्षा बेतली. २३ जून १९२६ रोजी सुमारे ८,००० मुलांनी पहिली ‘सॅट’ दिली.

तेव्हापासून पडताळणीची रीत ठरून गेली: प्रवेशाचे गुण आणि पहिल्या वर्षाचे गुण किती जुळतात ते पाहायचे. शाळेचे गुण आणि चाचणी एकत्र धरली तर अंदाज बरा येतो, एवढे बहुतेक अभ्यासांत दिसले. दोन्हींत वरचढ काय, यावर मात्र एकमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २००७च्या अभ्यासात शाळेचे गुण सरस ठरले, तर तिथल्याच प्राध्यापकांच्या समितीने २०२०मध्ये चाचणीच्या बाजूने कौल दिला.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. हा ताळा फक्त आत आलेल्यांचा असतो. ज्यांना नाकारले, त्यांचा निकाल कधी लागतच नाही. मग निवड योग्य होती हे ठरवायचे कशावरून?

ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९मध्ये त्याचे उत्तर योगायोगाने हाती आले. मुलाखती घेऊन १५० जणांची निवड उरकली होती, आणि तेवढ्यात टेक्सासच्या विधिमंडळाने ५० जागा वाढवल्या. त्या भरायला यादीच्या तळाशी जावे लागले. मुलाखतीत मागे पडलेल्या मुलांना बोलावणे गेले. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली, तेव्हा परीक्षांत, रुग्णांसोबतच्या कामात, गळतीत, कशातच म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. मुलाखतीने जी दरी दाखवली होती, ती प्रत्यक्षात नव्हतीच. हा अहवाल १९८७मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवेश समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा, असे मला मनापासून वाटते.

नेदरलँड्समध्ये अशी तुलना वर्षानुवर्षे करता आली. तिथे वैद्यकीय जागांसाठी १९७०च्या दशकापासून सोडत होती. शालेय गुण जास्त असतील तर नाव निघण्याची शक्यता वाढे. पुढे काही जागा विद्यापीठांनी स्वतः निवड करून भरायला सुरुवात केली आणि दोन्ही वाटांनी आलेली मुले एकाच वर्गात बसू लागली. रॉटरडॅमच्या अभ्यासात निवडून घेतलेल्यांची गळती कमी आढळली, गुण मात्र जवळपास सारखेच. २०१७मध्ये सोडत बंद झाली, तसा तुलनेचा हा आधारही गेला. २०२३मध्ये विद्यापीठांना ती वापरायची मुभा पुन्हा मिळाली.