पिझ्झ्याचा ‘बेस’ आणि घरातली आच

घरच्या पिझ्झ्यासाठी ओव्हन १८० अंशांवर ठेवावा की पूर्ण तापवावा, यावर कोल्हापुरातल्या हौशी स्वयंपाकघरांत जो मतभेद दिसतो, त्याचे मूळ चीजमध्ये किंवा भाज्यांत नसून ‘बेस’ या एका शब्दात आहे.

इटलीतले नेपल्स शहर, टोमॅटो आणि मार्गेरिटा राणीच्या नावाचा पिझ्झा ही कथा अनेकांना ठाऊक आहे. येथे एवढेच महत्त्वाचे, की नेपल्सच्या पद्धतीत लाकडावर तापलेल्या भट्टीचा तळ सुमारे ४८५ अंश सेल्सिअसवर असतो आणि कच्च्या पिठाची पोळी ६० ते ९० सेकंदांत भाजून निघते. २०१० च्या युरोपीय नियमावलीत हे आकडे लेखी आले.

भारतात परदेशी साखळ्यांची दुकाने १९९६ पासून महानगरांत उघडू लागली. घरांत मात्र पिझ्झा शिरला तो प्रामुख्याने बेकरीतल्या पाकीटबंद बेसच्या वाटेने. हा बेस म्हणजे आधीच भाजलेला, किंचित गोडसर, चपटा पाव. त्यावर सॉस, कांदा, ढबू मिरची आणि किसलेले चीज घालून तवा झाकला की काम संपत असे, कारण भाजण्याचे काम बेकरीच्या भट्टीने उरकलेले असे आणि घरच्या आचेला केवळ चीज वितळवायचे असे. दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीत नेऊन भाजून आणणाऱ्या पिढीला यात काहीच वावगे वाटले नाही; चहूबाजूंनी उष्णता देणारी भट्टी ही घराबाहेरचीच गोष्ट होती.

पुढे ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, घरात आला आणि २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी यीस्ट घालून पीठ स्वतः मळायला घेतले. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला. कच्च्या पोळीलाही ‘बेस’च म्हटले जाऊ लागल्याने तिला तयार बेसइतकीच आच पुरेल, असा समज टिकला, त्यात केकमुळे हाताला बसलेली १८० अंशांची सवय मिसळली. या तापमानाचे समर्थक म्हणतात की त्याहून जास्त आचेवर वरचा मसाला करपतो. तक्रार खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. १८० अंशांवर रंग येईपर्यंत पिठातले पाणी हळूहळू उडून जाते आणि हाती येतो तो टोस्ट. पिठात साखर किंवा दूध घालण्याची घरगुती रीतही मंद आचेशीच जुळते: साखरेने कमी उष्णतेतही तांबूस रंग धरतो. नेपल्सच्या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांखेरीज काही नसते, कारण तिथल्या आचेवर साखर काळी पडेल.

बहुतेक घरगुती ओटीजी २५० अंशांपर्यंतच जातात. त्यामुळे जाड पोलादी पत्रा किंवा पिझ्झ्याचा दगड आत ठेवून अर्धा-पाऊण तास पूर्ण तापवणे आणि पोळी थेट त्यावर सरकवणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. दगडापेक्षा पोलाद उष्णता लवकर देते, म्हणून पोळीचा तळ लवकर भाजतो आणि वरचे जिन्नस सुकत नाहीत. करपण्याची अडचण मग क्रमाने सुटते: कांदा-लसूण चटणी वर भुरभुरण्याऐवजी सॉसमध्ये कालवायची किंवा पिझ्झा बाहेर काढल्यावर तेलातून शिंपडायची आणि मटणाचा खिमा आधीच कोरडा परतून घ्यायचा, कारण सात-आठ मिनिटांत कच्चे मटण शिजत नाही.

मोझरेलाचे कोडे मात्र याच शहरात अधिक जाणवते. इटलीतले एक नामांकित मोझरेला म्हशीच्या दुधाचे असते आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला ते आपलेच वाटावे, हे साहजिक आहे. पण ताज्या मोझरेलात पाणी फार असते. भट्टीत ते दीड मिनिटात निभावते, तर घरच्या ओव्हनमध्ये तेच पाणी पोळीवर साचून मधला भाग कच्चट ठेवते. म्हणून असे चीज वापरायचे असल्यास त्याचे तुकडे करून निदान दोन-तीन तास चाळणीत निथळत ठेवावे लागतात.