फाइफच्या किनाऱ्यावरचं घरगुती संगीत: किंग क्रिओसोट आणि फेन्सची पार्श्वभूमी

किंग क्रिओसोट हे स्कॉटिश गायक-गीतकार केनी अँडरसनचं रंगमंचावरचं नाव. ते बाहेरच्या जगात पोहोचलं २०११ साली. इलेक्ट्रॉनिक संगीतकार जॉन हॉपकिन्ससोबत केलेल्या ‘डायमंड माइन’ या अल्बमला तेव्हा ब्रिटनमधल्या मर्क्युरी या वार्षिक अल्बम पुरस्काराचं नामांकन मिळालं. सात गाणी, जेमतेम अर्ध्या तासाचं संगीत. पण त्यातली बरीच गाणी नवी नव्हतीच. केनीने ती आधीच गायलेली होती, घरी रेकॉर्ड केलेली होती आणि मोजक्याच प्रतींत विकलेली होती. त्या मोजक्या प्रतींमागचा इतिहास मला पुरस्कारापेक्षा मोलाचा वाटतो.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फाइफ परगणा आहे. त्याचा समुद्राकडचा कोपरा म्हणजे ईस्ट न्यूक. तिथली अँस्ट्रुदर, क्रेल यांसारखी गावं एके काळी हेरिंगच्या मासेमारीवर जगली. मासळी गेली आणि अँस्ट्रुदरच्या बंदरावर आता मासेमारीचं मोठं संग्रहालय आहे. केनी याच भागातला, जन्म १९६७चा. वडील बिली अँडरसन अकॉर्डियन वाजवत. लग्नसमारंभात आणि गावोगावच्या सभागृहांत जी सामूहिक नाचगाणी होतात, त्यांना साथ करणारा त्यांचा बँड होता. केनीही अकॉर्डियन शिकला. त्याच्या गाण्यांमधला तो लांबलेला, श्वास घेतल्यासारखा सूर घरातूनच आला आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याने ‘स्कूबी डू ऑर्केस्ट्रा’ नावाचा ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचं अमेरिकी लोकसंगीत) धाटणीचा बँड काढला. युरोपच्या रस्त्यांवर वाजवत फिरायचं, जमतील तेवढे पैसे घेऊन पुढच्या शहरात जायचं, असं ते आयुष्य होतं. ते थांबल्यावर तो फाइफमधल्याच सेंट अँड्र्यूज या गावी परतला, तिथे रेकॉर्डचं दुकान चालवलं आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात ‘फेन्स रेकॉर्ड्स’ हे लेबल, म्हणजे गाणी प्रकाशित करणारी संस्था, सुरू केलं.

‘लेबल’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कचेरी, करार, जाहिरात येते. इथे त्यातलं काही नव्हतं. चार ट्रॅकचे कॅसेट रेकॉर्डर तोवर सामान्य माणसाच्या आवाक्यात आले होते आणि पुढे कोऱ्या सीडीही स्वस्त झाल्या. गाणी घरात रेकॉर्ड करायची, सीडी स्वतःच तयार करायच्या, मुखपृष्ठ हाताने बनवायचं, दुकानात आणि कार्यक्रमांत विकायचं. या पद्धतीने काढलेले धरून केनीचे चाळीसहून अधिक अल्बम आहेत. कॅसेटची खरखर आणि वाद्यांचा अर्धवट आवाज यांनाच पुढे समीक्षकांनी लो-फाय शैली म्हटलं. तिचं मूळ मात्र साधं आहे: स्टुडिओचं भाडं न भरता, लंडनला न जाता, गावात राहून गात राहायचं होतं.

आणि तो एकटा नव्हता. भाऊ इयन ‘पिप डिलन’ या नावाने गात असे. दुसरा भाऊ गॉर्डन ‘लोन पिजन’ या नावाने. गॉर्डन ‘द बीटा बँड’च्या संस्थापकांपैकी, त्यांच्या ‘ड्राय द रेन’ या गाजलेल्या गाण्यात त्याचा मोठा वाटा आहे, पण आजारपणामुळे त्याला बँड लवकर सोडावा लागला. पुढे गाजलेली गायिका के. टी. टन्स्टल प्रसिद्धीच्या आधी याच वर्तुळात वावरत होती. लोकगायक जेम्स यॉर्कस्टनही याच किनाऱ्यावरचा. तो पुढे बासवादक जॉन थॉर्न आणि दिल्लीचे सारंगीवादक सुहेल यूसुफ खाँ यांच्यासोबत वाजवू लागला आणि २०१६ साली त्या तिघांचा पहिला अल्बम आला. सुहेल हे उस्ताद साबरी खाँ यांचे नातू. गायकाच्या मागे बसलेली सारंगी ऐकत आलेल्या आपल्या कानांना स्कॉटिश गिटारच्या बरोबरीने चाललेली ही सारंगी जरूर ऐकवावी.

सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात शिकायला आलेला जॉनी लिंच, म्हणजे ‘द पिक्टिश ट्रेल’, नंतर फेन्स चालवण्यात केनीचा भागीदार झाला. अँस्ट्रुदरमध्ये ‘होमगेम’ नावाचा महोत्सव भरू लागला. वेगळा मंडप नाही की मैदान नाही, गावातल्याच सभागृहांत आणि पबमध्ये कार्यक्रम. २०१० मध्ये असाच मेळावा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एग बेटावर झाला. सुमारे शंभर वस्तीचं हे बेट, जे रहिवाशांनी १९९७ साली स्वतःच्या मालकीचं करून घेतलं.

मधल्या काळात मोठ्या कंपनीचाही अनुभव येऊन गेला. ‘केसी रूल्स ओके’ (२००५) आणि ‘बॉम्बशेल’ (२००७) हे अल्बम वॉर्नरशी जोडलेल्या ६७९ या लेबलने काढले. ते नीटनेटके आहेत, पण माझं मन त्यांत रमत नाही. मग आला डॉमिनो लेबलवरचा ‘डायमंड माइन’. हॉपकिन्सने जुन्या गाण्यांभोवती कॅफेतली कुजबुज, कपबशांचा आवाज, किनाऱ्यावरचे ध्वनी विणले. त्यावर बरीच वर्षं काम चाललं होतं.

२०१३ मध्ये केनी आणि जॉनी वेगळे झाले. जॉनीने एगवरून ‘लॉस्ट मॅप’ हे स्वतःचं लेबल काढलं. केनीने पुढच्याच वर्षी, ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने, जुन्या चित्रफितींतून बनलेल्या ‘फ्रॉम स्कॉटलंड विथ लव्ह’ या माहितीपटाला संगीत दिलं. तिथे निवेदन नाही. पडद्यावरच्या कोळ्यांची, कामगारांची, सुट्टीला निघालेल्या कुटुंबांची गोष्ट गाणीच सांगतात. २०१६ मध्ये ‘ॲस्ट्रोनॉट मीट्स ॲपलमॅन’ आला आणि त्यानंतरचा मोठा अल्बम, ‘आय डेस’, थेट २०२३ मध्ये.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘डायमंड माइन’ आधी ऐकावा, एका बैठकीत. मग ‘फ्रॉम स्कॉटलंड विथ लव्ह’ माहितीपटासकट. त्यानंतर मिळतील तेवढी जुनी घरगुती रेकॉर्डिंग शोधावीत.