नेटवर्क केबल आणि ध्वनीची प्रत

नेटवर्क केबल आणि ध्वनीची प्रत : घरगुती ध्वनियंत्रणेत राउटर, स्विच, गाणी साठवणारा सर्व्हर आणि स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणारे उपकरण) यांना जोडणाऱ्या इथरनेट केबलमुळे ऐकू येणाऱ्या ध्वनीत फरक पडतो का, याविषयीचा वाद. केबल बदलल्याने गाण्याची अंकीय माहिती बदलत नाही, हे तांत्रिक दृष्ट्या पक्के आहे. केबलवाटे विद्युत् गोंगाट शिरण्याची शक्यता मात्र काही जोडण्यांत खरी आहे, आणि इंदूरसारख्या शहरातल्या जुन्या घरांत ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

वादाच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार हा स्पीकरच्या तारांवरून, साधारणतः १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सुरू झालेल्या वादाचाच विस्तार आहे. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ सीडी-प्लेअर आणि डॅक (अंकीय माहितीचे सदृश संकेतात रूपांतर करणारे उपकरण) यांना जोडणाऱ्या एसपीडीआयएफ जोडणीत आहे. हे दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे. एसपीडीआयएफमध्ये माहिती आणि कालमापन ही दोन्ही एकाच तारेतून, एकाच संकेतात गुंफून जातात. डॅक त्या संकेताच्या चढउतारांवरूनच आपले घड्याळ लावतो. तारेची वारंवारता-क्षमता अपुरी असेल तर हे चढउतार किंचित मागेपुढे सरकतात, आणि किती सरकतात हे आधीच्या अंकांवर अवलंबून राहते. ध्वनितंत्राचे अभ्यासक ज्युलियन डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी १९९२ मध्ये या दोषाचे सविस्तर विश्लेषण मांडले. म्हणजे ‘डिजिटल तारेनेही फरक पडतो’ हे विधान एका विशिष्ट जोडणीपुरते खरे होते. पुढे तेच विधान इथरनेटला लावले गेले, पण ज्या कारणाने ते खरे होते ते कारण इथरनेटमध्ये शिल्लक राहत नाही. स्पीकर-तारांच्या मताने महागड्या केबलींचा व्यापार कसा वाढला हे कळते, युक्तिवाद कोठून आला हे कळत नाही.

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये मांडली. पिळलेल्या जोडतारांवरचे १० बेस-टी मानक १९९० चे, तर आज घरोघरी असलेले १००० बेस-टी १९९९ चे आहे. जोडतारा पिळून बाहेरचा व्यत्यय घटवण्याची युक्ती त्याहून फार जुनी असून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे त्यावरील पेटंट १८८१ मधील आहे.

इथरनेटमध्ये माहिती ‘फ्रेम’ नावाच्या छोट्या तुकड्यांतून जाते. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ३२ बिटांचा तपासणी-अंक असतो. तो जुळला नाही तर ती फ्रेम टाकून दिली जाते आणि टीसीपी (माहिती पोहोचल्याची खात्री करून पाठवण्याची) पद्धतीत तेवढा भाग पुन्हा मागवला जातो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीला सेकंदाला १४११.२ किलोबिट लागतात, २४ बिट/१९२ किलोहर्ट्‌झला सुमारे ९.२ मेगाबिट. केबलची क्षमता १००० मेगाबिटची असते. मानकाला चालणारा त्रुटिदर १० अब्ज बिटांत एक इतका आहे. तो पुरेपूर धरला तरी सीडीच्या प्रवाहात सुमारे दोन तासांनी एक बिट चुकेल, आणि तोही दुरुस्त होऊन येईल. दुरुस्ती वेळेत झाली नाही तर एका फ्रेममागे सुमारे ८ मिलिसेकंदांचा ध्वनी गळतो आणि ‘टक्’ असा आवाज किंवा खंड ऐकू येतो. आवाज ‘खुलणे’, ‘गोड होणे’ किंवा तंबोऱ्याची जवारी अधिक स्पष्ट होणे अशा प्रकारे बिटांची चूक कधीच प्रकट होत नाही.

कालविचलनाचा (जिटर, म्हणजे संकेताची वेळ किंचित मागेपुढे सरकण्याचा) आक्षेपही येथे टिकत नाही. आलेली माहिती स्ट्रीमरच्या स्मृतीत साठते आणि डॅकजवळच्या स्फटिक-घड्याळाच्या गतीने बाहेर पडते, त्यामुळे फ्रेम कधी आली याची खूण उरत नाही. कालविचलन कानाला कधी कळते याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. बेंजामिन आणि गॅनन (१९९८) यांच्या चाचण्यांत ही मर्यादा शुद्ध स्वरासाठी १० नॅनोसेकंदांच्या आसपास आली, तर अशिहारा आणि सहकाऱ्यांच्या (२००५) संगीतावरील चाचण्यांत ती काही शे नॅनोसेकंद निघाली. पहिल्यात विचलन नियतकालिक आणि दुसऱ्यात यादृच्छिक होते, म्हणून दोन्ही आकडे एकमेकांना खोडत नाहीत.

खरा प्रश्न केबलच्या धातूच्या आवरणाचा आहे. इथरनेटच्या प्रत्येक टोकाला विलगक रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) असते आणि मानकानुसार ते १५०० व्होल्ट सहन करते. त्यामुळे साध्या, आवरणरहित केबलमधून दोन उपकरणांचे अर्थिंग जोडले जात नाही. आवरणयुक्त केबल (महागड्या केबली बहुधा याच असतात) मात्र प्लगच्या धातूच्या कवचातून दोन्ही उपकरणांचे सांगाडे जोडते. ती वेगवेगळ्या सॉकेटांवर असतील तर भू-वलय (अर्थिंगच्या तारांतून होणारा बंद विद्युत् मार्ग) तयार होते आणि ५० हर्ट्‌झ व त्याच्या पटींचा गुणगुणाट अॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचू शकतो. दोन पिनांच्या अॅडॉप्टरमधून गळणारा सूक्ष्म प्रवाहही त्याच वाटेने येतो. अशा वेळी स्वस्त आवरणरहित केबलच अधिक चांगली ठरते.

हा गुणगुणाट हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला विशेष बोचतो. काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी), म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्‌झ, षड्ज धरला तर १०० हर्ट्‌झचा नाद मंद्र सप्तकात तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये पडतो. १५० हर्ट्‌झचा नाद मध्य सप्तकात कोमल आणि शुद्ध ऋषभांच्या मध्ये येतो. दोन्ही तंबोऱ्याशी विसंगत आहेत. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–७४) यांची अतिविलंबित, मंद्रात रेंगाळणारी आलापी ऐकताना स्वरांमधल्या शांततेत हा दोष लगेच उघडा पडतो. ती शांतता जपण्यासाठी केलेली कोणतीही खटपट योग्यच आहे, फक्त ती योग्य जागी व्हावी.

माळव्यातील काळी माती ओली असताना वीज चांगली वाहते. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांत, जेथे वायरिंग टप्प्याटप्प्याने वाढत गेले, तेथे दोन खोल्यांतील अर्थिंग सारखे असेलच असे नाही. राउटर, स्ट्रीमर आणि अॅम्प्लिफायर यांना एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून वीज देणे आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ओला ठेवणे हे उपाय केबल बदलण्याआधीचे आहेत.

तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेची केबल बाजारात ‘कॅट ६’ (इथरनेट केबलची एक प्रमाणित श्रेणी) म्हणून मिळते. तिचा रोध जास्त असतो, ती लवकर तुटते आणि मानकात बसत नाही. गाणे मध्येच अडखळत असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा.

फरक ऐकू येतो असे वाटल्यास केबल कोणती हे लपवून परीक्षा घ्यावी. १६ फेऱ्यांत किमान १२ अचूक ओळखी आल्या तर निव्वळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. डॅकमधून निघालेला संकेत दोन्ही केबलींवर मुद्रित करून एकातून दुसरा वजा करण्याची पद्धत अधिक काटेकोर आहे, मात्र तिला चांगले मुद्रणयंत्र लागते.

घरापर्यंत फायबर (प्रकाशतंतूची केबल) आल्यामुळे बाहेरून, विशेषतः पावसाळ्यात खांबाखांबांवरून, येणाऱ्या तांब्याच्या तारेचा धोका टळतो. काही श्रोते घरातही स्ट्रीमरच्या आधी फायबर-परिवर्तक लावतात. त्याने तांब्याची सलग जोडणी तुटते, परंतु परिवर्तकाचा अॅडॉप्टर स्वतःचा गोंगाट आणतो. त्यामुळे लाभ होईल की तोटा, हे त्या अॅडॉप्टरच्या दर्जावर अवलंबून राहते.