लेखनिक (महाविद्यालयीन परीक्षा, पुणे)

परीक्षार्थी सांगेल ते उत्तर त्याच्या उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे लिहिणारी व्यक्ती म्हणजे लेखनिक. अंध, अल्पदृष्टी असलेले, दोन्ही हात बाधित असलेले, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील बाधेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) किंवा लेखनाशी निगडित अध्ययन अक्षमता असलेले विद्यार्थी लेखनिक घेतात. ‘लेखनिक’ हा शब्द अर्जात आणि परिपत्रकात राहतो. पुण्याच्या कॉलेजांत बोलताना ‘रायटर’ म्हणतात, आणि परीक्षेच्या तोंडावर ‘रायटर मिळाला का?’ हा प्रश्न ‘अभ्यास झाला का?’च्या आधी येतो. रॅम्प, लिफ्ट, ब्रेल पुस्तके, सांकेतिक भाषेचा दुभाषी या सोयी संस्थेने एकदा केल्या की बऱ्याच अंशी टिकतात. लेखनिक मात्र दर सत्रात, दर पेपरला नव्याने उभा करावा लागतो.

या सोयीला आधार आहे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचा. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले आणि अध्ययन अक्षमतेला त्यात जागा मिळाली. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याचा उल्लेख कायद्यातच आहे. तपशील केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सापडतो : ताशी किमान २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्यालाही हा वेळ मिळतो, हे अनेक विद्यार्थ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत कोणी सांगतच नाही. या सूचना ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी होत्या. विकासकुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही टक्केवारीची भिंत लेखनिकाच्या आड येऊ नये असे ठरवले; अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालील परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना निघाल्या.

पुण्यात कागदपत्रांची सुरुवात बहुधा ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात होते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, ज्याला सगळे ‘यूडीआयडी’ म्हणतात, यांचा अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणीला प्रत्यक्ष जायचे. अंधत्व, दोन्ही हातांचे बाधितपण आणि सेरेब्रल पाल्सी यांत मागितला की लेखनिक द्यायचा असतो. बाकीच्यांना ‘या व्यक्तीला लिहिण्यात मर्यादा आहे’ असा शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा वेगळा दाखला आणावा लागतो. मग कॉलेजच्या परीक्षा विभागात अर्ज, लेखनिकाचे ओळखपत्र, त्याच्या शिक्षणाचा पुरावा आणि हमीपत्र. या हमीपत्रावर सही परीक्षार्थीची असते. लेखनिकाचे शिक्षण सांगितल्याप्रमाणे नाही असे पुढे आढळले, तर हक्क गमावतो तो परीक्षार्थी. लेखनिकाचे काही जात नाही.

खरी अडचण शिक्षणाच्या अटीत आहे. स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावे, असे २०१८ च्या सूचना म्हणतात. हेतू उघड आहे : उत्तर परीक्षार्थीच्याच डोक्यातून यावे. पण परिणाम असा की, शहरात वेळ असलेली आणि अक्षर चांगले असलेली माणसे नेमकी बाद होतात. कोथरूडच्या सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका तृतीय वर्षाच्या मुलीला वर्षभर अर्थशास्त्र वाचून दाखवू शकतात, पेपर लिहू शकत नाहीत. उरतात ते खालच्या वर्गातले विद्यार्थी, आणि त्यांच्या परीक्षा त्याच महिन्यात असतात. म्हणून लेखनिकाचा शोध वेळापत्रक लागल्यावर सुरू होतो : वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना विचारणा, वसतिगृहात चौकशी, शेवटी कोणाचा तरी अकरावीतला भाऊ. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने स्वतः लेखनिकांची यादी तयार ठेवावी, असेही सूचनांत आहे. ती यादी खरोखर असेल तिथे परीक्षार्थीला लेखनिक दोन दिवस आधी भेटू द्यावा लागतो. विषयागणिक वेगळा लेखनिक चालतो, विशेषतः भाषांच्या पेपरांना. ऐनवेळी कोणी आजारी पडला तर बदलताही येतो.

परीक्षार्थी आणि लेखनिक यांना सहसा वेगळ्या खोलीत, शक्यतो तळमजल्यावर बसवतात. लेखनिक आधी सगळी प्रश्नपत्रिका वाचतो, मग परीक्षार्थी क्रम ठरवतो. एक प्रश्न पुन्हा वाचायचा, उत्तर सांगायचे, लिहून झालेले ऐकायचे, दुरुस्ती करायची. जादा तास जातो तो इथे. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच, म्हणून मराठीच्या पेपरात ‘दुसरी वेलांटी’ असे म्हणावे लागते. लेखनिकाच्या शुद्धलेखनाचे गुण परीक्षार्थीच्या खात्यातून कापले जातात. गणितात, संख्याशास्त्रात घोळ आणखी वाढतो. ‘अ अधिक ब भागिले क’ म्हटल्यावर छेद कोणाखाली घ्यायचा? मुरलेला परीक्षार्थी ‘कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, भागिले क’ असेच सांगतो. काहींच्या मनगटावर काच उघडून काटे चाचपता येतील असे घड्याळ असते. नसेल त्याला वेळ विचारत राहावे लागते. लेखनिक काही सुचवणार नाही यावर पर्यवेक्षकाचे लक्ष असते, पण चुकीचे उत्तर लिहिताना पेन क्षणभर थबकले तरी ते ऐकू येते, आणि त्याला कोणताही नियम आवरू शकत नाही.

लेखनिकाला पर्याय आहे. संगणकावर, ब्रेलमध्ये, मोठ्या टायपात किंवा उत्तरे ध्वनिमुद्रित करून परीक्षा देण्याची निवड परीक्षार्थीने करायची, असे सूचना सांगतात; संगणक आदल्या दिवशी तपासू द्यायचा असतो. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचते, पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंचात, असला तरच. इंग्रजी अक्षरांना मराठी आकार देणाऱ्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोट्समधला ‘मराठी’ हा साधा शब्द त्याला ‘ई, जे, के, बी, एच’ असा दिसतो. वर्षभर अशा नोट्स पुरवून परीक्षेत ‘संगणक वापर’ म्हणणे थट्टाच आहे. शिवाय लॅपटॉपवर लिहिण्याचा सराव शाळेपासून नसेल, तर विद्यार्थी ओळखीच्या लेखनिकाकडेच वळतो.

सोय नाकारली तर पहिला अर्ज प्राचार्यांकडे किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे. त्यापुढे राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. त्यांचे कार्यालय पुण्यातच असल्याने इथल्या विद्यार्थ्याला तक्रार घेऊन मुंबईला जावे लागत नाही. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, मात्र त्यांच्या शिफारशीवर काय केले हे कळवायला संस्थेला तीन महिने मिळतात. एका सत्राची परीक्षा तेवढ्यात आटोपते, त्यामुळे अशी तक्रार बहुतेकदा पुढच्या सत्रासाठीच उपयोगी पडते.