चक्रवाकाच्या चित्राला भिंग लावलं तेव्हा

गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरचे एक परिचित चौकटीत बसवलेलं चित्र घेऊन घरी आले. चक्रवाकाची जोडी, मागे दलदल, खाली इंग्रजीत नाव. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला हेच पक्षी आम्ही दोघांनी मिळून पाहिलेले, त्यामुळे खरेदीचा आनंद मोठा होता. ‘दीडशे वर्षांपूर्वीचं अस्सल लिथोग्राफ’, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, असं प्रमाणपत्रही सोबत मिळालं होतं. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग पिसांवर धरलं. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके, शाळेच्या कवायतीसारखे रांगेत उभे. म्हणजे अलीकडची ऑफसेट छपाई.

‘‘पण कागद किती पिवळा पडलाय!’’ ते म्हणाले. पिवळा म्हणजे जुना, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडात आणि हवेत पिवळं पडतं. गॅलरीत राहिलेलं वर्तमानपत्र आठवडाभरात रंग बदलतं ते त्यामुळेच. उलट सुती आणि जवसाच्या धाग्याच्या चिंध्यांपासून केलेला दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आजही बऱ्यापैकी पांढरा सापडतो. वय विचारायचं ते शाईला. ती कागदावर कशी येऊन बसली?

याची एक चाचणी आत्ता करून पाहा. पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, रेषा हाताला लागतात. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या, खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद प्रचंड दाबाखाली त्यावर दाबायचा. मग खाचेतली शाई उचलली जाऊन कागदावर उंच बसते. नोटांच्या छपाईत हेच तत्त्व आहे, आणि आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. पॅट्रिक रसेल यांचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा ग्रंथ १७९६ मध्ये निघाला, त्यातली चित्रंही ताम्रपटावर कोरून छापलेली आणि मग हाताने रंगवलेली. घोणशीच्या इंग्रजी नावात हे रसेल आजही आहेत. अशा चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबही कागदात उमटलेला दिसतो.

पण माझा जीव जडला आहे तो शिळाप्रेसवर, म्हणजेच लिथोग्राफीवर. त्याच सुमारास, १७९६ ते १७९८ या काळात, म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डर हा नाटककार आपली नाटकं स्वस्तात छापायची धडपड करत होता. त्यातून त्याला सपाट दगडावरून छापायची रीत सापडली. दगडावर खाच नाही, उठाव नाही, तरी चित्र छापलं जातं. कसं?

दगड चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यावर साबण, मेण, चरबी आणि काजळी मिसळून केलेल्या खडूने चित्र काढायचं, तेही उलटं. मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून ते दगडावर फासायचं. आम्लामुळे साबणातली स्निग्धाम्लं सुटी होतात आणि दगडातल्या कॅल्शियमशी जोडली जाऊन कॅल्शियम ओलिएटसारखी लवणं तयार होतात. ही लवणं पाण्यात विरघळत नाहीत आणि पाण्याला जवळही येऊ देत नाहीत. मोकळ्या जागी डिंकाचा अतिशय पातळ थर चिकटतो, त्याला पाणी आवडतं. आता दगड ओला करून वरून तेलकट शाईचा रोलर फिरवला, की ओल्या जागी शाई बसत नाही आणि चित्राच्या जागी बसते.

यातली सर्वांत सुंदर पायरी पुढची. कारागीर टर्पेंटाइनने सगळं चित्र पुसून टाकतो. काळी काजळी जाते, दगड कोरा दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, मेहनत वाया गेली. पण रोलर फिरताच पिसन् पीस परत उभं राहतं, कारण चित्र काजळीत नव्हतंच. दगडाच्या पृष्ठभागाच्या रसायनात होतं. हे वाचून पटलं नाही तरी पुन्हा एकदा वाचा, एवढी माझी विनंती आहे.

आपला काळा दगड या कामाला चालत नाही. नाशिकचा बेसाल्ट सिलिकेटी खनिजांचा. स्निग्धाम्लांनी पकड घ्यावी असं कार्बोनेट त्यात नाही. शिवाय कित्येक थरांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपण ज्या झिओलाइट स्फटिकांसमोर थबकतो, ते अशाच पोकळ्यांत वाढलेले.

लिथोग्राफीला सर्वांत नावाजलेला दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ खाजणात साचलेला चुन्याचा गाळ, इतका बारीक की खडूची प्रत्येक छटा धरून ठेवतो. छपाईची मागणी वाढली, खाणीत फरशा हाताने एकेक सुट्या होऊ लागल्या आणि १८६१ मध्ये तिथल्याच एका पिसाच्या जीवाश्म ठशाला हेरमान फॉन मायर यांनी नाव दिलं ‘आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका’. पक्ष्यांच्या उत्क्रांतीचा इतका मोठा पुरावा, आणि त्याच्या नावात शिळाप्रेस! जॉन गूल्ड यांच्या हिमालयातल्या पक्ष्यांच्या ग्रंथासाठी १८३०च्या सुमारास एलिझाबेथ गूल्ड यांनी दगडावर पक्षी काढले. त्याच जातीच्या दगडात आणखी जुना पक्षी दडलेला होता.

तर भिंगातून काय पाहायचं? अस्सल शिळाछापात खडूचा अनियमित रवा दिसतो, भिंतीवर कोळसा घासल्यासारखा. हाताने रंगवलेल्या प्रतीत रंग कुठेतरी रेषेच्या बाहेर गेलेला असतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातल्या स्टुअर्ट बेकर यांच्या बदकांवरच्या लेखांतल्या चित्रांसारख्या रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणून ठिपके असले तरी ते रांगेत नसतात.

प्रमाणपत्रापेक्षा हे भिंग स्वस्त आहे. जुन्या वस्तूंच्या नावाखाली ‘राइस पुलर’, म्हणजे तांदूळ ओढून घेणारं जुनं तांब्याचं भांडं, विकून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या आपल्याच राज्यात पकडल्या गेल्या आहेत. तांब्याला चुंबकत्व नाही आणि तांदळाला लोखंडासारखं ओढलं जाणं ठाऊक नाही. जुनेपणाला दैवी शक्ती चिकटवली, की तपासणं थांबतं.

जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवताना माळ्यावर पोथ्या, पंचांगं निघतात. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापलं तेही शिळाप्रेसवर, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी अक्षरांच्या कडा भिंगाखाली पाहा. पान फाटलं असलं तरी सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. गरम गोंद तंतूंत उतरला, की तो काढता येत नाही. दोन कोऱ्या आम्लमुक्त कागदांमध्ये पान सपाट ठेवा, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीपासून लांब.