विड्याचा रंग आणि मन: दुर्बल उद्भव वेगळा, प्रबल उद्भव वेगळा

इमर्जन्सची, म्हणजे सुट्या घटकांत नसलेला गुण एकूणात दिसतो त्या उद्भवाची, चर्चा निघाली की विडा येतोच. पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी आणि चावल्यावर तोंड लालभडक. उदाहरण फार जुनं आहे. जड भूतांतून चैतन्य कसं येतं हे सांगताना चार्वाकमताच्या मांडणीत ते येतं, आणि किण्वातून, म्हणजे आंबवणातून, मद्याची धुंदी येते हेही. मला ते आवडतं. खटकते ती हल्ली त्याला जोडली जाणारी माळ: वाळवीचं वारूळ, पाण्याचा ओलेपणा, विड्याचा रंग, ‘आणि म्हणून मनसुद्धा भौतिकशास्त्राच्या पलीकडचं’. पहिल्या तिन्हींचा शेवटच्या वाक्याला काडीचा आधार नाही.

उद्भव दोन प्रकारचा सांगतात, दुर्बल आणि प्रबल. दुर्बल उद्भव बहुतेकांना माहीत असतो. घटक साधे, प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याकडे बघून वागणारा, वर मुकादम कोणी नाही, तरी एकूणात घाट दिसतो. भोरड्यांचा थवा, १९७० मधला गणितज्ञ कॉनवेचा चौकटींच्या पटावरचा ‘लाइफ’ हा खेळ. यावर जास्त थांबत नाही.

घोळ होतो तो ‘सांगता येत नाही’ या तीन शब्दांत. घटकांवरून एकूणाचं वागणं आधी सांगता येत नाही, असं दोन्ही उद्भवांबद्दल म्हणतात. पण दुर्बल उद्भवात त्याचा अर्थ इतकाच, की जवळची वाट नाही. एकेक पायरी हिशेब करत जावं लागतं. तत्त्वज्ञ मार्क बेडाऊ यांनी १९९७ मध्ये दुर्बल उद्भवाची व्याख्या याच धर्तीवर केली. हिशेब लांबलचक असेल, आपल्या हयातीत संपणार नाही, पण तो पूर्ण झाला की समजावायचं काही उरत नाही. प्रबल उद्भवाचा दावा फार मोठा आहे. सगळ्या घटकांची सगळी माहिती आणि अमर्याद हिशेबशक्ती हाताशी असली, तरी वरच्या पातळीचा गुण त्यातून निघणारच नाही; तो निसर्गात वेगळा नियम म्हणून मांडावा लागेल. एकात अडचण आपली आहे, दुसऱ्यात जगाच्या रचनेतली. ‘आपल्याला जमत नाही’वरून ‘होऊच शकत नाही’वर उडी मारायची, तर मध्ये युक्तिवाद हवा, आणि तोच बहुतेक लेखांत नसतो.

जीवशास्त्रातलं एक प्रकरण यासाठी मला सर्वांत मोलाचं वाटतं. डिक्टिओस्टेलियम हा मातीत राहणारा अमीबा. खायला जिवाणू असेतोवर प्रत्येक पेशी एकेकटी फिरते. उपासमार झाली की हजारो पेशी, कधी लाखभर, एका जागी गोळा होतात, गोगलगायीसारखा एकच सरपटणारा देह बनवतात आणि शेवटी देठावर बीजाणूंची गाठ उभी करतात. देठात गेलेल्या पेशी, साधारण पाचातली एक, मरतात. हे सगळं कोण घडवून आणतं? हाकारा देणाऱ्या काही खास म्होरक्या पेशी असाव्यात, असं बराच काळ मानलं जात होतं. इव्हलिन फॉक्स केलर आणि ली सेगेल यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं की म्होरक्या मानायची गरजच नाही. प्रत्येक पेशी चक्रीय एएमपी हे रसायन सोडते आणि ते जिकडे दाट असेल तिकडे सरकते. एका मर्यादेपलीकडे सारखी पसरलेली गर्दी आपोआप अस्थिर होते आणि पुंजके पडतात. थक्क करणारं आहे, आणि पूर्णपणे दुर्बल आहे. याने मला जराही कमीपणा वाटत नाही. ‘नुसताच दुर्बल’ असं म्हणणाऱ्यांनी ती समीकरणं एकदा तरी बघावीत. आणि ‘हा गुण उद्भवला’ एवढं म्हणून थांबणाऱ्यांनीही बघावीत, कारण कसा उद्भवला हे सांगेपर्यंत काहीच सांगितलेलं नसतं.

प्रबल उद्भवाचे दावे कसे कोसळतात, हेही आठवावं. तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉड यांनी १९२५ मध्ये मांडलं होतं, की घटक मूलद्रव्यांचे गुण सुटे-सुटे कितीही जाणले तरी संयुगाचे गुण त्यातून काढता येणार नाहीत. १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन या भौतिकशास्त्रज्ञांनी हायड्रोजनच्या रेणूतला बंध क्वांटम यांत्रिकीने उलगडला आणि त्या दाव्याखालची जमीन सरकली. विड्याचंही तसंच: चुन्याच्या अल्कधर्मी माध्यमात सुपारी आणि कातातल्या पॉलिफिनॉलांचं ऑक्सिडीकरण होतं आणि लाल रंगद्रव्यं बनतात. गूढ उरत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांच्या १९७२ च्या प्रसिद्ध लेखाला प्रबल गोटात ओढणं तर थांबायलाच हवं. सगळं मूलभूत नियमांवरच चालतं, हे त्यांनी तिथे मान्यच केलं आहे. त्या नियमांपासून सुरुवात करून जग पुन्हा रचता येईल, एवढंच त्यांनी नाकारलं.

मग प्रबल उद्भव उरतो कुठे? ब्रॉड यांचंच दुसरं उदाहरण घ्या. गणितात सर्वज्ञ असा देवदूत अमोनियाच्या रेणूची रचना जाणेल, नाकातल्या मज्जातंतूंवर काय परिणाम होईल तेही सांगेल. पण तो वास *येतो कसा*, हे त्याला हिशेबातून कळेल का? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्या मते प्रबल उद्भवाचं स्पष्ट उदाहरण एकच, जाणीव. माझा कल दुर्बलाकडेच आहे, पण हा दावा मी गंभीरपणे घेतो, कारण तो नेमक्या जागी बोट ठेवतो.

चार्वाकांनी विडा बरोबर वापरला होता: रंग वस्तूंमधूनच येतो, तसं चैतन्यही, वेगळा आत्मा नको. जे तोच विडा मन जडापलीकडे आहे हे सिद्ध करायला वापरतात, ते बसलेली फांदी तोडतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात या मताला उत्तर देताना वेगळाच मुद्दा धरला. चैतन्य भूतांना जाणतं, ते त्यांचाच धर्म असेल तर त्यांना विषय कसं करील? अग्नी स्वतःला जाळत नाही, आणि नट कितीही तयारीचा असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढत नाही.