मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक?

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की इंजिन ऑइलबद्दल हा प्रश्न येतोच, आणि आपणही जणू गाडीवर जीव किती आहे ते विचारलंय अशा थाटात "फुल सिंथेटिक टाका" म्हणून मोकळे होतो.

मिनरल ऑइल म्हणजे क्रूड, म्हणजे जमिनीतून काढलेलं कच्चं तेल, शुद्ध करून मिळालेलं तेल. त्यात लहानमोठे, आडवेतिडवे सगळ्या मापांचे रेणू असतात, थोडं मेणही राहतं, मग इंजिन तापलं की हलके रेणू वाफ होऊन उडतात आणि कडाक्याच्या थंडीत मेण गोठायला लागतं. सिंथेटिकमध्ये रेणू बरेचसे एकसारखे, म्हणून ते थंडीत वाहतं आणि उष्णतेत जास्त टिकतं. सेमी म्हणजे दोघांची भेळ, पण त्यात सिंथेटिक किती टक्के हवं याचा सगळीकडे चालणारा असा नियमच नाही!

गंमत म्हणजे 'सिंथेटिक' लिहिलेलं बरंचसं ऑइलसुद्धा क्रूडपासूनच बनतं, फक्त हायड्रोजन आणि प्रचंड प्रेशर वापरून रेणू तोडून पुन्हा नीट बसवलेले असतात, याला ग्रुप ३ म्हणतात. यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलची जुंपली होती, १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या संस्थेने अशा तेलाला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असा निकाल दिला. त्यामुळे नुसत्या त्या शब्दावर माझा फार भरवसा नाही.

मी एकदा दोन छोट्या बाटल्यांत मिनरल २०डब्ल्यू-५० आणि सिंथेटिक ५डब्ल्यू-४० भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं (घरच्यांच्या शिव्या खाऊन). सकाळी बाटल्या आडव्या केल्या तर मिनरल काकवीसारखं रेंगाळत सरकलं, सिंथेटिक मात्र आरामात वाहिलं. थंड स्टार्टला पंपाला हेच तेल वरपर्यंत चढवायचं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, ५डब्ल्यूची थंडीतली टेस्ट उणे ३० डिग्रीला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला, आणि मागचा आकडा १०० डिग्रीला तेल किती घट्ट राहतं त्याचा.

म्हणजे टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असेल, जो मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तेल अक्षरशः भाजून काढतो, किंवा थंडी कडक असेल तर सिंथेटिकचे पैसे वसूल. साधं जुनं इंजिन, निवांत चालवणं, ऑइल वेळेवर बदलणं, तिथे मिनरलही चालतं, फक्त मॅन्युअलमधला ग्रेड (५डब्ल्यू-४० वगैरे) आणि स्पेक (तेलाच्या दर्जाचं मानक) जुळला पाहिजे. बाइकवाल्यांनी डब्यावर जासो एमए (बाइकच्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) बघावं, कारण बाइकचा क्लच बहुतेक वेळा त्याच तेलात बुडालेला असतो, मी कारचं उरलेलं ऑइल टाकून क्लच स्लिप करून घेतलाय, तेही चांगलं सिंथेटिक होतं बरं का.

आणि डिपस्टिकवर तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. लेव्हल मात्र बघा, कमी असेल आणि हाताशी दुसऱ्या प्रकारचं पण त्याच ग्रेडचं, त्याच स्पेकचं ऑइल असेल तर बिनधास्त टॉप-अप करा, मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात.